रात्रीचा डोंगर आणि नदीपलीकडची जमीन : लेसोथोची पार्श्वभूमी

४ मार्च २०२५ रोजी अमेरिकी संसदेपुढे भाषण करताना डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आफ्रिकी देशाचे नाव घेतले आणि त्याच दमात, हे नाव कुणी ऐकलेलेही नाही, असे सांगून टाकले. महिनाभरातच त्या देशाच्या मालावर अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क जाहीर केले. त्या यादीतल्या सर्वांत चढ्या दरांपैकी हा एक दर होता. ऑगस्टमध्ये तो १५ टक्क्यांवर आला, पण मधल्या काळात राजधानी मासेरूतल्या कापड कारखान्यांत शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायकांचे काम गेले ते गेलेच. देशाचे नाव लेसोथो. बातम्यांमध्ये टक्केवारी आली, कारखान्यांचे फोटो आले. हा देश मुळात तिथे का आहे आणि तिथल्या बायकांना अमेरिकेसाठी जीन्स शिवायची वेळ का आली, हे मात्र राहून गेले. त्याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका डोंगरावर सुरू होते.

आधी थोडी ओळख. लेसोथो दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे. चारही दिशांना शेजारी एकच. असे एकाच देशाने वेढलेले आणखी दोनच देश जगात आहेत, व्हॅटिकन आणि सान मारिनो, आणि ते दोन्ही इटलीत आहेत. क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण दहावा भाग. लोकसंख्या २३ लाखांच्या आसपास. सगळा देशच उंचावर वसलेला आहे. त्याची सर्वांत खालची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही थोडी वर, आणि सर्वांत उंच शिखर थबाना न्टलेन्याना ३,४८२ मीटरचे. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. त्या दिवसांत डोंगरांवर बर्फ पडतो आणि गुराखी पोरे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि जाड घोंगडी पांघरून जनावरांमागे फिरतात.

नावाचेही सांगायला हवे. आपण 'लेसोथो' लिहितो, तिथले लोक उच्चार 'लेसूटू' असा करतात. 'सोथो' हे मूळ आणि त्याच्या आधी लागणारे अक्षर बदलले की अर्थ बदलतो : लेसोथो हा देश, सेसोथो ही भाषा, मोसोथो हा एक माणूस आणि बासोथो हे सगळे लोक. एका मुळातून देश, भाषा आणि माणूस अशी तिन्ही नावे निघतात, त्यामुळे हे लोक अनादी काळापासून एकच असावेत असे वाटू शकते. तसे ते नव्हते. १८२० च्या आधी 'बासोथो' असे एक राष्ट्र नव्हते. कॅलेडन नदीच्या खोऱ्यात (तिला तिथे मोहोकारे म्हणतात) वेगवेगळ्या कुळांच्या लहान लहान वस्त्या होत्या. कुणाचे कुळचिन्ह मगर, कुणाचे सिंह, कुणाचे रानमांजर. ज्वारी पिकवायची, गुरे राखायची, अधूनमधून एकमेकांची गुरे पळवायची, असे त्यांचे आयुष्य चालले होते.

अशाच एका मगर-कुळात, मेन्खोआनेंग नावाच्या गावात, १७८६ च्या सुमारास एक मुलगा जन्मला. नाव लेपोको. बाप एका लहानशा वस्तीचा मुखिया. तरुणपणी या लेपोकोने रामोनाहेंग नावाच्या शेजारच्या सरदाराची गुरे अशी सफाईने लांबवली की, मी वस्तऱ्याने त्याची दाढीच उतरवली, असे त्याने स्वतःच्या स्तुतिगीतात सांगितले. वस्तरा फिरताना होणारा आवाज म्हणजे 'श्वे-श्वे'. त्यावरून त्याचे नाव पडले मोश्वेश्वे. पुढे याच नावाने तो राजा झाला.

पोरगा तापट होता. मोठे व्हायची घाई होती. त्याच्या आजोबांनी त्याला मोहलोमी नावाच्या एका वृद्ध सरदाराकडे नेले. मोहलोमी वैद्य होता, खूप फिरलेला होता आणि भांडण मिटवणारा म्हणून दूरवर त्याचे नाव होते. भाले परजण्यापेक्षा धान्य मळणे बरे, माणसांवर राज्य करायचे तर त्यांना आधी माणूस म्हणून ओळख, अशा अर्थाचा उपदेश त्याने या पोराला केल्याचे बासोथो आजही सांगतात. उपदेश पुष्कळांना मिळतो. या मुलाने तो आयुष्यभर वापरला आणि तोही अशा काळात, जेव्हा आजूबाजूला उलटेच चालले होते.

१८२० च्या दशकात त्या मुलुखात जे घडले त्याला सेसोथोत 'दिफाकाने' म्हणतात. झुलू सत्तेच्या विस्तारामुळे उठलेली टोळ्यांची लाट ड्रॅकेन्सबर्ग पर्वत ओलांडून पश्चिमेला आली. जुनी पुस्तके सगळा दोष झुलू राजा शाकाच्या माथी मारतात. नंतरच्या इतिहासकारांनी लागोपाठचे दुष्काळ, किनाऱ्यावरचा गुलामांचा व्यापार आणि दक्षिणेकडून बंदुका घेऊन येणारे घोडेस्वार लुटारू यांचाही हिशेब मांडला आहे. कारणे काहीही असोत, खोऱ्यातली शेते ओस पडली, गुरे गेली, आणि उपासमारीने काही टोळ्या माणसे खाऊ लागल्या.

मोश्वेश्वेची वस्ती तेव्हा उत्तरेला बुथा-बुथे डोंगरावर होती. तिथे बाटलोक्वा लोकांनी वेढा घातला. त्यांची सूत्रे बराच काळ मान्थाटिसी नावाच्या विधवा राणीकडे होती. वेढा कसाबसा उठला, पण हा डोंगर पुरणार नाही हे मोश्वेश्वेला कळून चुकले. १८२४ च्या हिवाळ्यात त्याने सगळी माणसे, म्हातारीकोतारी, पोरे, उरलीसुरली गुरे घेऊन दक्षिणेची वाट धरली. शंभर किलोमीटरहून अधिक चाल. वाटेत मागे पडलेल्या त्याच्या आजोबांना, पीटे यांना, नरभक्षकांनी पकडले आणि खाल्ले.

मंडळी जिथे पोचली तो डोंगर थबा बोसिऊ. अर्थ 'रात्रीचा डोंगर', कारण ती तिथे पोचली तेव्हा अंधार पडला होता. हा डोंगर दिवसा लहान दिसतो आणि रात्री शत्रू चढू लागला की वाढतो, अशी वदंता पुढे पसरवली गेली. ती नसती तरी काम भागले असते. चहूबाजूंनी ताशीव कडे, वर जायला मोजक्या खिंडी, आणि माथ्यावर सपाट पठार. पठारावर गवत आणि जिवंत झरे. ज्यांनी गड पाहिले आहेत त्यांना या वर्णनातले शेवटचे दोन शब्द किती मोलाचे आहेत ते वेगळे सांगायला नको. पाणी आणि चारा वर असला की वेढा घालणाराच आधी थकतो. मोश्वेश्वेच्या हयातीत कुणालाही हा डोंगर लढून घेता आला नाही.

पण नुसत्या डोंगराने राष्ट्र होत नाही. डोंगरावर लपलेले सरदार त्या काळात आणखीही होते, आणि ते संपले. मोश्वेश्वेने जे वेगळे केले ते गुरांच्या हिशेबात आहे. त्या मुलुखात 'माफिसा' नावाची पद्धत होती. सरदाराने आपली गाय दुसऱ्याकडे सांभाळायला द्यायची. सांभाळणाऱ्याने दूध प्यावे, शेण वापरावे, बैल औताला जुंपावा. जनावर आणि त्याची वासरे मात्र सरदाराचीच. आपल्याकडच्या अर्धलीची आठवण व्हावी अशी ही पद्धत. फरक एवढाच की मालकी वाटली जात नाही. दिफाकानेमध्ये सगळे गमावून आलेल्या माणसाला मोश्वेश्वे गाय द्यायचा. गाय म्हणजे पोरांच्या पोटात दूध, आणि लग्नात मुलीच्या घरी द्यायच्या गुरांची पहिली आशा. त्या बदल्यात तो माणूस त्याचा व्हायचा. तो कोणत्या कुळाचा, काल कोणाच्या बाजूने लढला, हे विचारले जात नव्हते. अशा रीतीने झुलू भाषा बोलणारी कुळे, पश्चिमेकडचे त्स्वाना, दक्षिणेकडचे थेंबू, कुणीकुणी त्या डोंगराच्या आसऱ्याला आले आणि दोन पिढ्यांत बासोथो झाले.

आता आजोबांची गोष्ट पुरी करतो, कारण ती तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. पीटे यांना खाणारी टोळी पुढे मोश्वेश्वेच्या हाती लागली. लोकांनी त्यांना मारून टाका म्हणून आग्रह धरला. राजा म्हणाला, ही माणसे माझ्या आजोबांची थडगी आहेत, थडगे कुणी उकरत नाही. मृताच्या समाधीवर जो शुद्धीचा विधी करतात तो त्याने त्या माणसांच्या पोटांवर करवला, त्यांना गुरे दिली, शेते दिली. हे नेमके याच शब्दांत घडले असेल की नाही, त्यावर वाद घालता येईल. पण एखादा समाज आपल्या मूळपुरुषाची कोणती गोष्ट पहिली सांगतो, याला अर्थ असतोच. दुसरी गोष्ट १८३१ ची. म्झिलिकाझीच्या न्डेबेले सैन्याने थबा बोसिऊवर चाल केली. कड्यांवरून दगडांचा मारा झाला, सैन्य मागे फिरले. परतणाऱ्या त्या सैन्यामागे मोश्वेश्वेने धष्टपुष्ट बैल धाडले आणि निरोप दिला की भुकेने तुम्हाला इथवर आणले असणार, हे खाऊन सुखरूप घरी जा. न्डेबेले पुन्हा कधी आले नाहीत.

१८३३ मध्ये तीन तरुण फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनरी आले : कासालिस, आर्बूसे आणि गोसलें. ते आले म्हणण्यापेक्षा मागवले गेले म्हणणे बरोबर. मिशनरी असलेल्या वस्त्यांना बंदुकवाले लुटारू सहसा हात लावत नाहीत, हे ऐकल्यावर मोश्वेश्वेने गुरे पाठवून 'एक प्रार्थना करणारा माणूस' मागितला होता. कासालिस तेव्हा जेमतेम विशीचा. तो राजाचा पत्रलेखक झाला, एका अर्थाने परराष्ट्र सचिवच. मोरिजा गावी मिशन उभे राहिले, पुढे छापखाना आला, आणि १८६३ पासून तिथून 'लेसेलिन्याना ला लेसोथो' हे सेसोथो वर्तमानपत्र निघू लागले. सेसोथोची पहिली लिपीव्यवस्था या फ्रेंचांनी बसवली. त्यामुळे आजही लेसोथोत आणि दक्षिण आफ्रिकेत एकच भाषा दोन वेगळ्या स्पेलिंगांत लिहिली जाते. राजाने बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. जुन्या चालीरीतींपैकी काही त्याने सोडल्या, काही राखल्या. १८५५ मध्ये त्याने छापून जाहीर केले की चेटकीण किंवा चेटक्या ठरवून कुणाला मारले तर मारणाऱ्याला देहदंड होईल. असा मोठा निर्णय 'पित्सो'पुढे, म्हणजे जाहीर सभेपुढे, मांडायचा अशी चाल होती आणि तिथे सामान्य माणूस राजाला तोंडावर सुनावू शकत असे. 'मोरेना के मोरेना का सेचाबा', राजा हा लोकांमुळे राजा, ही म्हण तिथली आहे.

१८३० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेच्या केप वसाहतीकडून बोअर शेतकऱ्यांच्या बैलगाड्या आल्या. डच वंशाचे हे लोक ब्रिटिश राजवटीला कंटाळून उत्तरेला निघाले होते. काहींनी नदीच्या पश्चिमेला जनावरे थोडे दिवस चारायची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. माझ्या मते लेसोथोचा पुढचा सगळा इतिहास या एका परवानगीच्या दोन अर्थांमध्ये आहे. मोश्वेश्वेच्या दृष्टीने जमीन वापरायला देणे म्हणजे माफिसाची गाय देण्यासारखे होते. दूध तुझे, गाय माझी. बोअर माणसाच्या दृष्टीने जिथे विहीर खणली, घर बांधले, ती जमीन त्याची झाली; आणि तसा कागद द्यायला त्याचे सरकार तयार होते. फसवणूक झाली हे खरेच. पण त्याआधी मालकी म्हणजे काय, यावर दोन समाजांची समजूत कुठेच जुळत नव्हती. राजाला हे उमगल्यावर १८५९ मध्ये त्याने कायदा छापला : व्यापाऱ्याने दुकान थाटायला जागा मागावी, मिळेल, पण ती जागा त्याची होणार नाही आणि त्याला ती विकता येणार नाही. हा नियम पुढे ब्रिटिशांनीही मोडला नाही. त्यामुळे शेजारच्या मुलुखात गोऱ्यांची शेते दिसतील तिथवर पसरली असताना लेसोथोत गोऱ्यांची जमीनमालकी उभी राहिली नाही.

नदीपलीकडे मात्र रेषा सरकत राहिली. १८४३ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर नेपियरने करार केला आणि पलीकडचाही बराच भाग मोश्वेश्वेचा मानला. १८४९ मध्ये मेजर वॉर्डनने नवी रेषा आखली आणि बोअर वस्त्या तिच्यापलीकडे टाकल्या. १८५२ च्या डिसेंबरात गव्हर्नर कॅथकार्ट फौजेसह आला आणि दंड म्हणून दहा हजार गुरे आणि एक हजार घोडे मागू लागला. राजाने साडेतीन हजार गुरे पाठवली. शांतता म्हणजे गवत उगवणारा पाऊस आणि युद्ध म्हणजे ते सुकवणारा वारा, असे त्याने कॅथकार्टला सांगितले, आणि मार खाल्लेला कुत्राही दात दाखवतो हेही सांगितले. बेरेआच्या पठारावर लढाई झाली. तोवर बासोथो घोड्यावर बसायला शिकले होते आणि त्यांच्या हजारो स्वारांनी इंग्रजांना जेरीस आणले. त्या रात्री मोश्वेश्वेने एक चिठ्ठी लिहवून घेतली. आशय असा, की तुम्ही मला शिक्षा केलीत, गुरेही नेलीत, आता पुरे करा, मी माझ्या लोकांना आवरीन. जिंकत असलेल्या माणसाने हरल्याचा सूर लावला, त्यामुळे कॅथकार्टला मान राखून निघून जाता आले.

दोन वर्षांत ब्रिटिश त्या प्रदेशातून हात झटकून गेले. १८५४ मध्ये ऑरेंज फ्री स्टेट हे बोअरांचे स्वतंत्र राज्य झाले, आणि मग चिठ्ठ्यांनी भागण्यासारखे राहिले नाही. १८५८ चे युद्ध बासोथोंनी निभावले. १८६५ मध्ये सुरू झालेल्या युद्धाला ते 'सेकिती'चे युद्ध म्हणतात; तोफेच्या दणक्याच्या आवाजावरून हे नाव आले. १५ ऑगस्ट १८६५ ला बोअर सेनानी लाऊ वेपनर थबा बोसिऊच्या खिंडीत चढताना मारला गेला आणि हल्ला फसला. तेव्हा बोअरांनी डोंगराचा नाद सोडून खालची उभी पिके जाळली आणि गुरे हाकून नेली. माथ्यावर झरे होते, पण एका राष्ट्राला पुरेल एवढे धान्य नव्हते. १८६६ च्या तहात सुपीक जमिनीचा मोठा लचका गेला.

मोश्वेश्वे आता ऐंशीच्या घरात होता. बोअर आणि ब्रिटिश यांपैकी एकाची निवड करायची असेल तर कोणाची, हे त्याने फार आधी ठरवले होते, आणि तशी विनंती कितीदा तरी केली होती. माझा देश ही राणीची घोंगडी आणि माझे लोक तिच्यातल्या उवा, असे त्याने कळवल्याचे प्रसिद्ध आहे. हे वाक्य लाचारीचे वाटते. मला तसे वाटत नाही. ऊ घोंगडीत राहते ती स्वतःच्या जिवासाठी, आणि तिला तिथून काढणे सोपे नसते. १२ मार्च १८६८ ला ब्रिटिशांनी 'बासुटोलँड' आपल्या संरक्षणाखाली घेतल्याचे जाहीर केले. सीमा ठरली ती दुसऱ्या वर्षी अलीवाल नॉर्थच्या बैठकीत, आणि त्या बैठकीत मोश्वेश्वेला कुणी बोलावले नव्हते. मोहोकारे नदी ही हद्द झाली. पश्चिमेचा काळा, पिकाऊ पट्टा फ्री स्टेटला गेला. बासोथोंना उरला तो नदीच्या अलीकडचा चिंचोळा सखल भाग आणि त्यामागचे डोंगर. देश वाचला, पण कोठार गेले. ११ मार्च १८७० ला राजा वारला. आजही ११ मार्चला तिथे सुट्टी असते, आणि त्या सुमारास मेन्खोआनेंगपासून थबा बोसिऊपर्यंत लोक त्याच जुन्या वाटेने तीन दिवस चालत जातात.

त्यानंतरच्या एका प्रसंगाचा उल्लेख करायलाच हवा. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी बासुटोलँड केप वसाहतीकडे सोपवले. केपने १८८० मध्ये बंदुका जमा करा म्हणून हुकूम काढला. बासोथोंनी त्या बंदुका किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत घाम गाळून विकत घेतल्या होत्या. लेरोथोली आणि मासोफा या सरदारांच्या नेतृत्वाखाली ते लढले, आणि १८८१ च्या समेटात बंदुका त्यांच्याकडेच राहिल्या. वसाहतीच्या सरकारला आफ्रिकी लोकांनी असे मागे हटायला लावल्याची उदाहरणे फार नाहीत. १८८४ मध्ये केपने हा मुलूख लंडनला परत केला. त्यामुळेच १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ झाला तेव्हा बासुटोलँड, बेचुआनालँड (आजचे बोट्सवाना) आणि स्वाझीलँड बाहेर राहिले. पुढे केव्हातरी त्यांना संघात घालता येईल, अशी तरतूद कायद्यात होती; प्रिटोरियाने, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने, ती मागणी अनेकदा केलीही. सरदारांनी आणि लोकांनी दर वेळी विरोध केला. १९४८ नंतर वंशभेदाचे राज्य आले आणि तो प्रश्नच मिटला. लेसोथो त्या राज्यात नव्हता, याचे श्रेय थबा बोसिऊला आणि १८८०-८१ च्या लढ्यातल्या त्या बंदुकांनाही आहे.

आता या सीमेची दुसरी बाजू. किंबर्लीत हिरे सापडले तेव्हा आरंभी बासोथो शेतकऱ्यांची चंगळ झाली होती. खाणकामगारांना लागणारा गहू, मका, ज्वारी बासुटोलँडमधून गाड्या भरून जाई. पण तेवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात लोक वाढत होते, रेल्वेने परदेशी स्वस्त धान्य येऊ लागले होते, आणि १८९६-९७ मध्ये बुळकांडीच्या साथीने गुरांचे कळप साफ झाले. माफिसावर उभ्या असलेल्या समाजातून गुरेच गेली म्हणजे काय झाले असेल, याचा विचार करावा. डोंगरउतार नांगरले जाऊ लागले. उन्हाळी पावसाने माती वाहून गेली आणि शेतांमधून खोल घळी पडल्या. आज देशातली जेमतेम दहावा हिस्सा जमीन लागवडीजोगी आहे. एकेकाळी धान्य विकणारा मुलूख धान्य विकत घेऊ लागला.

आणि पुरुष खाणीत गेले. आधी किंबर्लीला हिऱ्यांसाठी, मग जोहान्सबर्गच्या सोन्यासाठी. शंभर वर्षे हे चालले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक लाखाहून अधिक बासोथो दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते, म्हणजे कित्येक गावांत धडधाकट पुरुष जवळपास उरले नव्हते. कराराने जायचे, वर्षभर जमिनीखाली राबायचे, पगाराचा काही भाग मायदेशातल्या बँकेत जमा व्हायचा, सुट्टीत घोंगडी आणि भेटवस्तू घेऊन परत यायचे. या ये-जा करणाऱ्यांनी 'लिफेला' (उच्चार 'दिफेला') नावाची प्रवासगीते रचली. गाडी, बोगदा, मेलेला सोबती, मागे राहिलेली बायको, हे त्यांचे विषय. अकॉर्डियनवर वाजणारे 'फामो' संगीत दारूच्या गुत्त्यांत जन्मले. घर, शेत आणि म्हातारी माणसे बायकांनी सांभाळली. मुलगे लहानपणापासून गुरांमागे जात, मुली शाळेत जात. त्यामुळे लेसोथोत स्त्रियांची साक्षरता पुरुषांपेक्षा अधिक आहे, आणि जगात असे थोड्याच देशांत दिसते. खाणीतून परतलेल्या कित्येकांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ होती. सिलिकोसिस झालेल्या या कामगारांनी आणि त्यांच्या विधवांनी दक्षिण आफ्रिकेत सामूहिक दावा लढवला आणि २०१८ मध्ये सोन्याच्या खाण कंपन्यांशी भरपाईचा समझोता झाला. तोवर अनेकजण गेले होते. एचआयव्हीची साथही याच वाटेने घराघरात शिरली. प्रौढांमध्ये सुमारे पाचातल्या एकाला ती लागण आहे.

४ ऑक्टोबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला आणि 'लेसोथो' हे नाव अधिकृत झाले. राजा नामधारी, सत्ता पंतप्रधानाकडे. राजकारणाचा तपशील लांबवत नाही. १९७० मध्ये निवडणूक हरण्याची चिन्हे दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी मतमोजणी थांबवून आणीबाणी लादली, आणि तेव्हापासून लष्कर, राजवाडा आणि पक्ष यांच्यातली ओढाताण अनेक रूपांत चालू राहिली. सध्याचे राजे लेत्सिए तिसरे हे मोश्वेश्वेचेच वंशज. संसदेच्या वरच्या सभागृहात आजही ३३ पैकी २२ जागा प्रमुख सरदारांच्या आहेत.

वंशभेदाच्या काळात मासेरूने अनेक दक्षिण आफ्रिकी निर्वासितांना थारा दिला. त्याची किंमत ९ डिसेंबर १९८२ च्या रात्री मोजावी लागली. दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांनी सीमा ओलांडून शहरातल्या घरांवर हल्ला केला आणि ४२ माणसे मारली. त्यांत १२ बासोथो होते. १९८६ च्या जानेवारीत प्रिटोरियाने सीमाच आवळली. सगळी रसद एका देशातून येणार, आणि तोच दार लावून बसला. काही दिवसांत लष्कराने जोनाथन यांचे सरकार उलथले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पाण्याचा करार झाला. डोंगरात उगवणाऱ्या सेंकू (ऑरेंज) नदीच्या उपनद्यांचे पाणी अडवून बोगद्यांनी उत्तरेला, जोहान्सबर्ग भागाकडे न्यायचे अशी ही योजना. कात्से धरण १८५ मीटर उंच आहे, आणि तिथून ८० किलोमीटरहून लांब बोगद्यांतून पाणी पलीकडे जाते. १९९८ पासून ते वाहते आहे. देशाला त्याचा मोबदला मिळतो, थोडी वीजही मिळते. पण धरणाखाली ज्यांची दरीतली शेते गेली ती माणसे, डोंगराळ देशात शेताला दुसरी सपाट जागा आणायची कुठून, हा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे भरपाईच्या कचेऱ्यांत फिरली. १९९८ च्याच सप्टेंबरात निवडणुकीनंतरच्या गोंधळात दक्षिण आफ्रिकेची फौज पुन्हा आली, या वेळी लोकशाही सरकारची आणि शेजारी राष्ट्रांच्या नावाने. तिच्या पहिल्या लक्ष्यांमध्ये कात्से धरण होते. तिथे पहाऱ्यावरचे लेसोथोचे सैनिक मारले गेले, आणि इकडे मासेरूची बाजारपेठ जळाली.

१९९० नंतर सोन्याच्या खाणींनी माणसे कमी करायला सुरुवात केली. पुरुष घरी परतले, तेव्हा कमावणे बायकांवर आले. २००० मध्ये अमेरिकेने आफ्रिकी देशांच्या कपड्यांना करमुक्त वाट दिली, तैवानी मालकांनी मासेरू आणि मापुत्सोएत कारखाने उघडले, आणि हजारो बायका डोंगर उतरून शिवणकामाला आल्या. ज्या शुल्काची बातमी २०२५ मध्ये आली, ते या बायकांच्या मजुरीवर पडले. त्यांच्या मजुरीवर गावाकडे म्हातारी आई जगते आणि एखादा मुलगा गुराखी न होता शाळेत जातो.

घोंगडीचा उल्लेख वर तीनदा आला. आता बासोथो घोंगडी गिरणीत विणली जाते. तिच्यावरची रेघ उभी येईल अशी ती पांघरतात. उभी रेघ वाढीची खूण मानतात. दीक्षा घेऊन परतणारा तरुण, नवी नवरी, पहिल्या बाळाची आई, प्रत्येकासाठी वेगळी घोंगडी असते. डोक्यावर गवताची निमुळती टोपी, 'मोकोरोट्लो', जिचा आकार थबा बोसिऊजवळच्या किलोआने सुळक्यासारखा आहे असे सांगतात. २००६ पासून ती राष्ट्रध्वजावर आहे. राष्ट्राचे बोधवाक्य 'खोत्सो, पुला, नाला' : शांतता, पाऊस, समृद्धी.

नदीपलीकडच्या जमिनीचा विषय संपलेला नाही. सेसोथो बोलणारे आज लेसोथोपेक्षा दक्षिण आफ्रिकेत जास्त आहेत. १९६३ पर्यंत नदी ओलांडायला कागद लागत नसे. आता फिक्सबर्गच्या आणि मासेरूच्या पुलांवर रांगा लागतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये लेसोथोच्या संसदेत एका खासदाराने प्रस्ताव मांडला की दक्षिण आफ्रिकेतला फ्री स्टेट प्रांत आणि लगतचा मुलूख आमचा आहे आणि तो परत मिळावा. तो मिळेल असे मासेरूत फारसे कुणी मानत नाही. तरीही त्यावर चर्चा झाली, आणि मोश्वेश्वेने बोअरांना जी चराई दिली होती ती विकलेली नव्हती, हे पुन्हा एकदा सभागृहाच्या नोंदीत गेले.